गुडघाभर पाणी

“आणि या मधल्या पट्ट्यात कोन उतरला होता?”

हिराजी तांडेलाने नकाशावर बोट टेकवलं. पन्नास वर्षं त्याने या खाडीच्या तोंडातून होड्या आत-बाहेर नेल्या होत्या.

मैत्रेयीच्या कपाळाला आठी पडली. किनाऱ्याची जमीन आणि समुद्राचा तळ एकत्र दाखवणारा हा उंची-खोलीचा नकाशा तिने दोन वर्षं खपून संगणकावर बांधला होता. उद्या वादळ येणार होतं. कोणती घरं हलवायची, त्याची यादी आज दुपारी याच नकाशावरून निघणार होती, तिच्या सहीने. खाडीतोंडची चाळीस घरं यादीत नव्हती. त्यांच्यासमोर वाळूचा सलग दांडा आहे, लाटा तिथेच मोडतील, असं नकाशा सांगत होता. म्हाताऱ्याला नकाशा दाखवायला ती आली होती, ते निव्वळ शिष्टाचार म्हणून.

“जमीन ड्रोनने मोजली, तळ होडीने,” ती म्हणाली. “मधे लाटा फुटतात. तिथे मोजणीची होडी जात नाही आणि ड्रोनला गढूळ पाण्याखालचं दिसत नाही.”

“मंग?”

“दोन्हीकडच्या आकड्यांवरून संगणक मधलं भरून काढतो. सगळीकडे असंच करतात.”

“म्हंजी संगनक उतरला.”

म्हातारा हसला नाही. कोपऱ्यातला लांब बांबू उचलून तो ओहोटीच्या पाण्याकडे निघाला.

“चल, बाय.”

दांड्यावर गुडघाभर पाणी होतं. नकाशातही गुडघाभरच. मैत्रेयी मनातून सुखावली, आणि ते तिच्या चालण्यातही दिसत होतं.

हिराजी थांबला. एका पावलापुढे त्याने बांबू पाण्यात सोडला. बांबू गेला... गेला... मूठ पाण्याला लागली, तरी तळ लागेना.

“आता तू हो पुढं. तुझ्या नकाशात गुडघाभर हाय.”

तिचा पाय उचलेना. टाचेखालची वाळू सरकत होती. तिने म्हाताऱ्याचा दंड घट्ट धरला. मागे वळून पाहिलं, तर दांड्यातल्या या खोल फटीच्या अगदी रेषेत ती चाळीस घरं. दारादारांत सुकट वाळत होती. कुणी काही आवरलं नव्हतं.

“किती... किती खोल आहे इथे?”

“ठाऊक नाय.”

“पन्नास वर्षं होड्या नेल्यात तुम्ही इथून!”

“म्हनूनच. वाळू दर भरतीला जागा बदलते.”

...

पाणी गुडघ्यावर चढलं होतं.

“मग मी... नकाशात इथे काय भरू?”

हिराजीने बांबू वर ओढला. घरांकडे एकदा बघितलं.

“काय भरू नको. कोरं ठेव. कोरं बघून मान्सं पळतात तरी.”