डॅशबोर्डमागची खळखळ

"रेडिएटर नवा. वॉटर पंप नवा. थर्मोस्टॅट नवा. पाणी काठोकाठ. मग घाटात काटा वर का चढतो, उस्ताद?"

कासम उस्तादांनी बिडी विझवली.

विचारणारा हेमराज. सात वर्षं उस्तादांच्या हाताखाली शिकला, चाळीसगावात स्वतःचं गॅरेज टाकलं आणि मग पाच वर्षं घाटाच्या पायथ्याच्या या पत्र्याच्या शेडकडे फिरकला नाही. आज आला, तेही गाडी समोरच उकळली म्हणून. अडला हरी... पुढचं उस्तादांसमोर म्हणवत नाही.

गाडी म्हणजे गावच्या ट्रस्टची एकुलती ॲम्ब्युलन्स. आजच्या आधी महिन्याभरात तीनदा उकळली. तिसऱ्या खेपेला आत अडलेली बाई होती. तिचं बाळंतपण घाटाच्या कठड्याशी झालं. दोघं वाचली, हे नशीब. तेव्हा हेमराजने ट्रस्टच्या लोकांना छातीठोक सांगितलं, गाडीत दोष नाही, ड्रायव्हर भिकन पाणीच बघत नाही. त्यांनी भिकनला काढून टाकलं.

आज गाडी उकळली तेव्हा भिकन घरी बसलेला होता.

"भिकन काय म्हणत होता?" उस्तादांनी विचारलं.

"तो काहीही बोलतो."

"काय म्हणत होता?"

"डॅशबोर्डमागे खळखळ ऐकू येते म्हणे. मी म्हटलं, तू स्टिअरिंग सांभाळ, इंजिन मी बघतो."

"हं..."

उस्तादांनी काट्याकडे पाहिलं. तो जरा उतरला होता.

"आत बस. काचा वर कर. हीटर लाव, पूर्ण."

म्हातारा बहकला, असं हेमराजला वाटलं. मे महिना, दुपारचे दोन. खानदेशात गाड्या भंगारात जातात, पण हीटरची कळ निळ्यावरून लालवर सरकत नाही. हेमराजने गाडी तीनदा दुरुस्त केली. त्या कळीला बोटही लावलं नव्हतं.

"इंजिन उकळतंय आणि वर हीटर?"

"दोनच मिनिटं. डॅशबोर्डच्या जाळीवर हात धर."

हेमराजने हात धरला. बाहेरची लू तेवढी आत येत होती. इंजिनाची आच तिला लागलीच नव्हती. पुढे भट्टी पेटलेली, आणि इथे तिचा पत्ता नाही...

"पंखा बंद कर," उस्ताद बाहेरून म्हणाले. "आता ऐक."

डॅशबोर्डमागे खळखळत होतं. पालथा तांब्या पाण्यात दाबावा, तसं.

हेमराजने इंजिन बंद केलं. खाली उतरला तेव्हा त्याला उस्तादांकडे बघवेना.

"हीटरच्या नळीत हवा अडकलीय. इंजिनाचं गरम पाणी तिथवर पोचतच नाही," तो म्हणाला.

"पाणी कसं भरतोस?"

"पाइप लावतो. काठाला आलं की झाकण."

"किती वेळ?"

"दोन मिनिटं."

उस्ताद लिंबाखाली जाऊन बसले. "थंड होऊ दे."

थंड व्हायला दीड तास लागला. तेवढ्या वेळात हेमराज अकरा वेळा उठला, बॉनेटला हात लावून आला आणि पुन्हा बसला. मोबाइल वाजत होता. ट्रस्टचे लोक विचारत होते, गाडी कधी येणार.

मग उस्तादांनी गाडीचं तोंड चढावर करून लावायला सांगितलं. झाकण उघडलं आणि स्वतःच्या खिशात घातलं. इंजिन चालू, हीटर पूर्ण. उस्ताद छोट्या तांब्याने पाणी ओतू लागले. थोडं... थांबायचं... पुन्हा थोडं.

बुडबुडे येऊ लागले. थांबले.

"संपली हवा," हेमराजने हात पुढे केला. "झाकण द्या."

उस्तादांनी रबरी नळी मुठीत दाबली, सोडली, पुन्हा दाबली.

"उस्ताद, पाणी काठाला आलंय."

"येऊ दे. सगळं येऊ दे बाहेर."

...

बराच वेळ काही झालं नाही. हेमराज या पायावरून त्या पायावर होत राहिला. आणि मग एकच मोठा बुडबुडा आला, आणि काठाला टेकलेलं पाणी वीतभर खाली गेलं.

हेमराज बघतच राहिला. तीनदा त्याने याच्यावर झाकण लावलं होतं.

उस्तादांनी पुन्हा पाणी भरलं, पुन्हा वाट पाहिली. आता आतली जाळी कढत हवा टाकत होती. हेमराजने धरलेला हात चटका बसून मागे घेतला. काटा मध्यावर उभा होता. डॅशबोर्डमागे काहीच आवाज नव्हता.

तेव्हा कुठे उस्तादांनी खिशातून झाकण काढून बसवलं.

हेमराज त्यांच्या पाया पडला. "घाट चढून बघतो, उस्ताद. आता काही राहिलं नाही ना?"

उस्तादांनी हातातला तांब्या खाली ठेवला.

"आधी भिकनकडे जा. तो बोलेल... सगळं येऊ दे बाहेर."