केवड्याची परी आणि ठेंगणं घर

समुद्राच्या इतकं जवळ, की खेकडे खुशाल अंगणात फेरफटका मारून जायचे, असं एक ठेंगणं घर होतं. त्यात सोनकी आणि तिची आई राहायच्या. बाबा होडी घेऊन गेले ते परतलेच नव्हते. आई जाळी विणायची. दर उन्हाळ्यात मायलेकी छपराच्या झावळ्या सुंभाच्या दोरीने गाठी मारून नव्याने करकचून बांधायच्या. छपराला चारी बाजूंनी उतार, आणि दार एवढं बुटकं की आत शिरताना वाकायलाच हवं. सोनकीला त्या दाराची फार लाज वाटायची.

कारण शेजारी तिच्याच वयाच्या रत्नमालाचं नवं घर झालं होतं. उंचच उंच, गुलाबी गुलाबी! निळ्या काचांच्या खिडक्या, अंगणावर पुढे आलेले चमचमते पत्रे! समुद्र दिसावा म्हणून त्यांनी मधलं केवड्याचं बनसुद्धा तोडून टाकलं. ते घर बघून सोनकीचा नुसता जळफळाट व्हायचा. पेजेचा घोटसुद्धा गोड लागेना.

पण मनाने ती वाईट नव्हती हं! केवड्याचे हिरवे कोंब उन्हात सुकताना बघून तिला राहवलं नाही. तिने ते आपल्या घरासमोर लावले, रोज पाणी घातलं. एका सकाळी एक पान हळूच उलगडलं आणि सोनपिवळ्या पंखांची पिटुकली परी बाहेर आली.

"माझं घर तू वाचवलंस गो," परी म्हणाली. "आता तुझ्या घरासाठी तीन गोष्टी माग. पण नजर आपल्याच घरावर ठेव. दुसऱ्याच्या घराकडे पाहून मागशील, तर मागितलेलं विरून जाईल."

"आमचं घर उंच होऊ दे!" सोनकी म्हणाली, आणि मेली नजर गेलीच गुलाबी भिंतींकडे. सर्रकन वर गेलेलं घर तसंच खाली बसलं.

"बरं, निळ्या काचा तरी दे!" पुन्हा नजर तिकडेच. इवल्या इवल्या निळ्या ठिणग्या उडाल्या आणि विझल्या. सोनकी रडकुंडीला आली.

इतक्यात आभाळ काळंभोर झालं. वादळ आलं! रत्नमालाचे पत्रे फडफडत उडाले, काचा खळाखळा फुटल्या. सोनकीच्या घरावरून मात्र वारा घसरून पुढे जात होता.

'बरी जिरली!' सोनकीला वाटलं. खरंच वाटलं. पण मग रत्नमालाची किंकाळी ऐकू आली. छोट्या भावाला पोटाशी धरून ती आईबाबांबरोबर उघड्यावर भिजत होती.

सोनकीने तोंड फिरवलं. आपल्या ठेंगण्या घराकडे टक लावून ती म्हणाली, "परीताई, यात सगळे मावू देत."

बाहेरून घर होतं तेवढंच राहिलं. आतून मात्र ते फुलासारखं उमललं, उबदार, सोनेरी! "वाकून या गो!" आई ओरडली, आणि सगळी वाकून आत आली.

वादळ शमलं. अंगणातल्या कोंबांचं आता केवड्याचं दाट बन होऊन डोलत होतं. सोनेरी प्रकाश लखलखला आणि परी त्यात मिसळून गेली. आतला ऐसपैसपणा तेवढा ती कायमचा ठेवून गेली.

रत्नमाला त्या उतरत्या छपराकडे टक लावून बघत होती. "तुझं बरं आहे बाई," ती हिरमुसून म्हणाली. ती नजर सोनकीच्या चांगली ओळखीची होती. सोनकी सुंभाची गुंडाळी घेऊन आली आणि रत्नमालाचा हात धरून म्हणाली,

"चल, तुला गाठ शिकवते."