अर्ध्या बाराची तोफ

एका डोंगराळ राज्यात हैबतराव नावाचा तोफांचा परीक्षक होता. राज्यात नवी तोफ आली की तो तिच्यात दारूचा पूर्ण बार भरून ती उडवून पाहायचा. तोफ टिकली, तर तिच्यावर आपला शिक्का ठोकायचा. त्याचा शिक्का नसलेली तोफ कोणत्याही किल्ल्यावर चढत नसे.

एके वर्षी शेजारच्या राजाशी बेबनाव वाढला. राजाने सरहद्दीसाठी नव्या तोफा घ्यायचे ठरवले. ते काम मोरशेट नावाच्या व्यापाऱ्याला मिळाले. त्याच्या तोफा इतरांपेक्षा महाग होत्या. पण युवराजाच्या लग्नाचा खर्च त्यानेच उचलला होता आणि दिवाण धोंडोपंत त्याच्या शब्दाबाहेर नव्हते. तोफांच्या किमतीतला काही भाग दिवाणांच्या वाड्यावर पोचतो, असे लोक दबक्या आवाजात बोलत.

तोफा चाचणीच्या मैदानात आल्या. हैबतरावाने पहिल्या तोफेवर हातोडी मारली. आवाज बद्द आला. ओतकामात हलका धातू मिसळला आहे, हे त्याने ओळखले. पूर्ण बार भरला असता तर तोफ जागच्या जागी फुटली असती.

धोंडोपंतांनी त्याला बाजूला घेतले. “आज अर्धाच बार भरा.”

“दिवाणजी, लढाईत कोणी अर्धा बार भरत नाही.”

“लढाई होतेय कुठे? बोलणी चालली आहेत. तटावर तोफा नुसत्या दिसल्या तरी पुरे.” धोंडोपंत हसले. “आणि हो, सरहद्दीच्या किल्ल्याला किल्लेदार हवा आहे. महाराजांना तुमचंच नाव सांगतो आहे. तुम्हाला जमत नसेल तर मोकळेपणी सांगा. परीक्षक काय, दुसराही मिळेल.”

किल्लेदारी मिळावी ही हैबतरावाची फार जुनी इच्छा होती. त्याने मान खाली घातली. अर्धा बार भरला गेला, तोफा उडाल्या, लोकांनी टाळ्या वाजवल्या. हैबतरावाने प्रत्येक तोफेवर आपला शिक्का ठोकला.

दिवाणांनी शब्द पाळला. हैबतराव सरहद्दीच्या किल्ल्यावर किल्लेदार म्हणून गेला. थोड्याच दिवसांत नव्या तोफांपैकी बऱ्याच तोफांचे गाडे त्याच किल्ल्याचा चढ चढू लागले. त्या तोफांवरचा शिक्का त्याचाच होता.

किल्ल्यावर सुभानजी नावाचा गोलंदाज होता. त्याची बायको सगुणा तिथेच त्याच्याबरोबर राहत होती. नव्या तोफांवर सुभानजीचा भारी जीव. रोज सकाळी तो त्या पुसायचा, तेल लावायचा. दसरा आला तेव्हा तो म्हणाला, “किल्लेदार, सलामीला एक बार उडवू? हातालाही सवय होईल.”

“नको,” हैबतराव घाईघाईने म्हणाला. “दारू जपून ठेव.”

त्या दिवसापासून हैबतरावाला जेवण जाईना. कोणी हाक मारली तरी तो दचकायचा. कधी त्याला वाटे, राजधानीला जावे आणि महाराजांना सगळे सांगून टाकावे. मग वाटे, सांगितले तर किल्लेदारी जाईल, अब्रू जाईल, कदाचित मानही जाईल. बोलणी चालूच आहेत, तो स्वतःला समजावायचा. थोडे दिवस जाऊ देत, काहीतरी निमित्त काढून तोफा बदलून मागवू. पण ते निमित्त काही त्याला सापडेना. सुभानजी तोफेजवळ दिसला की तो वाट बदलून दुसरीकडून जायचा.

आणि एका सकाळी खालच्या खोऱ्यात धुळीचे लोट उठले. बोलणी फिसकटली होती. शत्रूची फौज किल्ल्याकडे निघाली होती.

नगारा वाजला. गोलंदाज तटाकडे धावले. हैबतराव सदरेवर उभा होता. आता तरी सांग, असे त्याचे मन ओरडत होते, तरी तो दरवाजे लावून घ्यायचे हुकूम देत राहिला. शत्रू माऱ्याच्या टप्प्यात आला. सुभानजीने पूर्ण बार ठासला.

“थांब, सुभानजी! थांब!” हैबतराव ओरडत तटाकडे पळाला.

तो पोचायच्या आत बत्ती लागली होती. तोफ फुटली. धूर निवळला तेव्हा सुभानजी तटाखाली मरून पडला होता.

“बाकीच्या तोफांना हात लावू नका!” हैबतराव किंचाळला. “सगळ्या फुटतील. मला ठाऊक आहे. शिक्का मीच मारलाय.”

गोलंदाजांनी हातातल्या बत्त्या विझवल्या.

तोफांवाचून किल्ला राखणे शक्य नव्हते. हैबतरावाने बायकामुलांना आणि शिबंदीच्या शिपायांना मागच्या चोरवाटेने खाली उतरवले आणि स्वतः सर्वांच्या शेवटी उतरला. माणसे वाचली. किल्ला गेला.

त्या वाटेने त्याला कुठेही पळून जाता आले असते. पण तो सरळ राजधानीला गेला आणि भर दरबारात सगळे सांगून मोकळा झाला.

धोंडोपंत शांतपणे म्हणाले, “महाराज, मी असं काही बोललोच नव्हतो. तोफांवर शिक्का कोणाचा आहे, एवढंच पाहावं.”

शिक्का हैबतरावाचाच होता. बाकी कोणाचे नाव कुठेही नव्हते. राजाने त्याला कैदेत टाकले. मात्र राजाच्या मनात शंका शिरली. “मोरशेटच्या राजधानीत उरलेल्या तोफा उद्या मैदानात आणा,” तो म्हणाला. “सगळ्या लोकांसमोर पूर्ण बार भरून उडवा.”

दुसऱ्या दिवशी माणसांना लांब उभे करून, लांबलचक वात लावून तोफा पेटवल्या गेल्या. एकामागून एक तोफ फुटत गेली. मोरशेट घाबरून ओरडला, “महाराज, किमतीतला वाटा दिवाणजींनीही घेतलाय!” धोंडोपंत काहीतरी सांगायला पुढे झाले, पण राजाने हात वर करून त्यांना थांबवले. त्या दोघांनाही तिथल्या तिथे बेड्या पडल्या.

हैबतरावालाही शिपायांनी मैदानात आणले होते. गर्दीतून सुभानजीची बायको सगुणा त्याच्यासमोर येऊन उभी राहिली.

“किल्लेदार,” ती म्हणाली, “तुम्ही खरं बोललात म्हणून आज महाराजांनी हे केलं, असं सगळे म्हणतात. मग तेव्हा का नाही बोललात?”

आणि उत्तराची वाट न पाहता ती निघून गेली.

तात्पर्य: ज्याच्या होकारावर इतरांचे प्राण अवलंबून असतात, त्याने भीतीपोटी किंवा लोभापोटी होकार देऊ नये. उशिरा सांगितलेले सत्य पुढच्यांना वाचवते, गेलेल्याला परत आणत नाही.