रिकामे हात पुढे

“आणि भक्ताने गावाचा रकानाच कोरा सोडला तर?” मुकुलने विचारलं.

भिकाजीबुवा लॅपटॉपच्या पडद्याकडे बघत राहिले.

मुकुल पुण्याहून कोकणातल्या या डोंगरावरच्या मठात आला होता. मठात येण्याआधी बुवांनी उभी हयात प्रोग्रॅम लिहिण्यात घालवली होती, आणि त्यांच्याजवळ राहून शिकायचं हे मुकुलच्या मनाने घेतलं होतं. बुवांनी त्याला एक काम दिलं. उत्सवाला येणाऱ्या भक्तांना परतीच्या शेवटच्या बसची वेळ मोबाईलवर कळवणारा प्रोग्रॅम लिही. तो बघून तुला ठेवायचं की नाही ते सांगतो.

काम साधं होतं. भक्तावरून गाव, गावावरून थांबा, थांब्यावरून बस. पण कुणी गाव सांगत नाही, कुठल्या गावाला थांबा नाही, कुठल्या थांब्यावर बसच येत नाही. म्हणून मुकुलने पावलोपावली पहारा बसवला होता. गाव आहे का? असेल तर थांबा आहे का? असेल तर बस आहे का? आणि दर ‘नाही’पाशी एक वेगळी दिलगिरी. दुधाने पोळलेला माणूस ताक फुंकून पितो, हा पठ्ठ्या विहिरीचं पाणीही फुंकत होता. वर त्याचा अभिमान.

“कुठेही अडकणार नाही, बुवा. मी सगळीकडे विचारलंय.”

“हं...” बुवा उठले. “चल, कौलं चढवायचीत.”

पावसाआधी मठाच्या छपराची वैशाखातली शाकारणी चालू होती. अंगणातल्या ढिगापासून शिडीवरून छपरापर्यंत माणसांची रांग, आणि हातोहात वर जाणारी कौलं. कुणीतरी ताल धरून गात होतं. छपरावर बुवा स्वतः जाऊन बसले. मुकुलला रांगेच्या मधोमध उभं केलं.

रांगेची एक रीत होती. कुणाच्याही हातात तडकलेलं कौल आलं की तो ते बाजूला ठेवी आणि रिकामे हात पुढे करी. पुढचाही ते रिकामे हात तसेच पुढे नेई. ताल मोडायचा नाही.

मुकुलने तो मोडला. त्याच्याकडे रिकामे हात आले आणि तो थांबला. का नाही? कुठे तडकलं? आता पुढच्याला काय सांगायचं? खाली कौलं तुंबली, गाणं बंद पडलं, रांगेत खसखस पिकली.

शेजारचा गुंडू म्हणाला, “काय नाय तर काय नाय. फुडे दी.”

मुकुलने ओशाळून रिकामे हात पुढे केले. ते तसेच हातोहात वर गेले. छपरावर बुवांनी ते पाहिले, शेजारच्या जुन्या कौलांतलं एक उचललं आणि जागेवर बसवलं.

मुकुल बघतच राहिला. मग एकदम हसायला लागला. पुढचे रिकामे हात आले तेव्हा त्याने ते इतक्या झोकात पुढे दिले की गुंडूही हसला. काम संपेपर्यंत मुकुल गात होता, तेही बेसूर. इतका आनंद त्याला कुठल्याच प्रोग्रॅमने दिला नव्हता.

जेवणं झाल्यावर त्याने सगळे पहारे पुसून टाकले. एकच ओळ उरली. गाव, थांबा, बस... मधे कुठे काही नसलं तर ते ‘नाही’ गुपचूप पुढे सरकत होतं. चौकशी फक्त शेवटी, एकदाच. तिथे ‘नाहीतर’ लिहून तो अडला.

“बुवा, नाहीतर काय?”

“ज्याला परतायला बस नाही, तो जाईल कुठे?”

मुकुलने लिहिलं : नाहीतर, आज मठातच राहा.

बुवांनी ओळ वाचली. मान डोलावली. पण मुकुलचा जीव अजून टांगणीलाच होता.

“आणि माझं काय, बुवा? ठेवणार का मला?”

“तुझी परतीची बस कितीला?”

“ती... मी बघितलीच नाही.”

बुवांनी लॅपटॉप त्याच्याकडे फिरवला.

“मग ओळ शेवटपर्यंत वाच.”