साळिंदराची माती

जनावरं आपापली शेती करायची, त्या काळातली ही गोष्ट. साळिंदराला रताळी लावायची होती. लावणीआधी शेतातली चिमूटभर माती गांडूळकाकूंना चाखवायची, अशी तिथली रीत होती. मातीला काय हवं, काय नको, ते काकू सांगायच्या.

साळिंदराची माती भरड, पांढुरकी. ती दाखवायची त्याला लाज वाटली. म्हणून त्यानं म्हशीच्या उकिरड्याशेजारची काळीभोर माती पानात बांधून नेली.

काकू खूश झाल्या. "अहो, हिला खतबित काही नको. खुशाल लावा!"

साळिंदर गावभर मिरवला. चार महिन्यांनी त्यानं वेल उपटले, तर रताळी त्याच्या काट्यांएवढी बारीक! फणफणत तो काकूंकडे गेला. "काकू, तुमच्या तोंडाची चव गेलीय! तुमचं ऐकून मी मूठभरसुद्धा खत घातलं नाही."

काकूंनी रताळ्याला चिकटलेली माती चाखली आणि तोंड वाकडं केलं.

"ही कुणाची माती?"

"माझीच की!"

"मग तेव्हा आणलीत ती?"

साळिंदराचे उभारलेले काटे हळूहळू खाली बसले. "म्हशीची."

"मग तुम्ही कशाला भांडताय?" काकू म्हणाल्या. "म्हशीची तर काहीच तक्रार नाही!"