ठकाईपुढे हात जोडत नाहीत

हात सोडा. हो, ताई, तुम्हालाच म्हणतोय. इथे हात जोडत नाहीत, नारळ फोडत नाहीत, हारही घालत नाहीत. समोर झुडपांचा उंचवटा दिसतोय ना, ती ठकाईची टेकडी. शहरातली पोरं तिला डोंगर म्हणतात. डोंगर कसला! या तळ्याचा गाळ आहे तो सगळा, पाटी-पाटीने वर नेलेला. वर देऊळ नाही, मूर्ती नाही. एक दगड आणि त्यावर पालथी घातलेली पाटी, बस्स. बसा जरा. मलाही बसू द्या, गुडघे बोलायला लागलेत आता. मी धोंडूतात्या. एसटीच्या वर्कशॉपात मेकॅनिक होतो, रिटायर होऊन अठरा वर्षं झाली, तेव्हापासून दर रविवारी इथे गाळ काढतो. तुम्ही तळं साफ करायला नावं नोंदवून आलात, बरं केलंत. त्यात आज आखिती, म्हणजे तुमची अक्षय्य तृतीया. तेव्हा आधी हे ऐका, मग फावड्याला हात लावा.

शहर तेव्हा शहर नव्हतं. दीडशे-दोनशे उंबऱ्यांचं गाव आणि सगळ्यांचा जीव या एका तळ्यावर. तळाशी झरा होता, म्हणून ते कधी आटत नसे म्हणे. पण वरच्या माळावरची झाडं तोडली, पावसाबरोबर माती वाहून आली आणि वरून गावाने आपला केर, राख, उकिरडा इथेच लोटला. आपण आज करतो तेच, प्लास्टिक नव्हतं एवढंच. झऱ्याचं तोंड बुजलं, तळं आटलं. मग घरं उठायला लागली. आज एक गाडी भरली, उद्या दोन.

ठकू परटीण इथल्या घाटावर धुणं धुवायची, असं सांगतात. नवरा गेलेला. एकुलती लेक राही, ती घाटाखाली लांब दिलेली. भावकी म्हणाली, चल, गाव मेलं आता. ठकू म्हणाली, "मी येईन हो तुमच्याबरोबर. पण माझी राही माहेरी म्हणून कुठे येईल? ओसाड गावाला कुणी माहेर म्हणतं का?" ती राहिली. आणि तिने नवस बोलला, देवाला नाही, लेकीच्या नावाने. राही येईल तेव्हा याच तळ्याचं पाणी तिच्या पायांवर घालीन, तोवर रोज गाळाच्या पाच पाट्या बाहेर काढीन.

एकटीच काढायची म्हणे. पहिल्या वर्षी लोक हसले. तळं काय तुझ्या बापाचं आहे का, असं विचारायचे. दुसऱ्या वर्षी हसायचे थांबले. आणि तिसऱ्या वर्षी, बघा आपल्या लोकांची अक्कल, तिसऱ्या वर्षी तिला देवी केली! ही साधी बाई नव्हे, तळ्याची माउली हिच्या अंगात आहे, असं कुणीतरी म्हणालं आणि गावाला लगेच पटलं. पटणारच हो. माणूस राबताना दिसलं तर लाजेकाजेने आपल्यालाही उठावं लागतं. देवी राबत असली, की हात जोडले, संपलं. ती पाटी घेऊन चढायची आणि हे काठावर रांगेने नमस्कार करायचे. तिच्या पाटीला हळदकुंकू लावलं. नारळ, हार, फुलं वाहिली. आणि निर्माल्य टाकायचं कुठे? तळ्यात! ती पाच पाट्या काढायची, हे दहा पाट्या लोटायचे.

ठकू थकली. अंगाने थकलीच, पण मनाने जास्त थकली. "मला देवी नका रे करू, कुणीतरी एक पाटी धरा," म्हणायची. लोक म्हणायचे, माउली परीक्षा बघते. आणि आणखी खाली वाकायचे.

अशी सात वर्षं गेली. मग एका आखितीला, ऊन नुसतं रणरणत होतं, राही माहेरी आली. बघते तर सगळं गाव काठावर हात जोडून उभं आणि कोरड्या तळात एकटी आई, पाठीतून वाकलेली. आईने तिला पाहिलं आणि रडायलाच लागली. लेक दारात आली आणि तिच्या पायांवर घालायला ओंजळभर पाणी नाही. "थोडी लवकर आलीस गं," एवढंच म्हणाली म्हणे. लवकर! सात वर्षांनी आलेल्या लेकीला!

राहीने आईच्या डोक्यावरची पाटी उतरवली. ठकूला वाहिलेलं कोरं लुगडं काठावर पडलं होतं, ते गुंडाळून त्याची चुंबळ केली, डोक्यावर ठेवली आणि वर पाटी घेतली. म्हाताऱ्या ओरडल्या, "अगं, देवीचं लुगडं ते! आणि माहेरवाशिणीने का कामाला हात लावायचा?"

राही म्हणाली, "माहेर राहिलं तर मी माहेरवाशीण. तुमची देवी असेल, माझी आई आहे ती. हात सोडा आणि पाट्या धरा."

तेव्हा कुठे हात सुटले. आधी सणाला आलेल्या गावच्या लेकी उतरल्या, मग मेल्याहून मेल्यासारखे होऊन बाप्ये उतरले. दिवस कलताना झऱ्याचं तोंड मोकळं झालं. पाणी कसलं, चहासारखा गढूळ रेंदा. ठकूने तोच ओंजळीत घेतला, लेकीच्या पायांवर घातला, भाकरीचा तुकडा ओवाळून टाकला. मग आपली पाटी पालथी घालून तिच्यावर बसली. ती बसली ती पुन्हा उठली नाही, असं सांगतात.

म्हणून आजही ठकाईपुढे कुणी हात जोडत नाही आणि आखितीची पहिली पाटी गावची लेक उचलते. म्हणजे उचलायची. माझी लेक मंदा उचलायची दरवर्षी. आता तिला तिकडून सुट्टी मिळत नाही. चार वर्षं झाली, रीत मोडून मीच उचलतो. मागच्या महिन्यात माझा सत्कार केला लोकांनी. शाल, श्रीफळ, भाषणं. तात्या म्हणजे देवमाणूस, म्हणाले. म्हटलं, झाली आता माझीही ठकाई! टाळ्या वाजवणाऱ्यांतला एकही माणूस पुढच्या रविवारी इकडे फिरकला नाही. खोटं कशाला बोलू, मी कंटाळलोय आता.

ताई, मघाशी हात जोडलेत त्या तुम्ही. तुमचं माहेर कुठलं? इथलंच? वेताळ पेठेतलं? अहो मग बसून काय राहिलात! ही शाल घ्या. सत्काराचीच आहे, चुंबळ चांगली होते तिची. वाका जरा, पाटी मी चढवतो.