भिंतीकडे तोंड करून

एकदा एका वृद्ध वैद्यबाईंच्या ओसरीवर एक आई आपल्या चार वर्षांच्या मुलाला घेऊन आली. मुलाचं नाव नीरद. तो स्वमग्न होता. अजून एकही शब्द बोलला नव्हता, आणि दूधभाताखेरीज दुसरं काही तोंडाला लावू देत नव्हता.

आई म्हणाली, "बाई, दूध, गहू, साखर बंद केली की अशी मुलं बोलायला लागतात, असं माझ्या नणंदेने कुठेतरी ऐकलंय. घरात सगळे म्हणतात, आजच सुरू कर. माझाच हात धजत नाही. तुमच्या हातून सुरुवात व्हावी."

वैद्यबाई काही बोलणार, तोच त्यांची शिष्या पुढे झाली. ती तरुण होती, हुशार होती आणि बाईंच्या संथपणाला कायम वैतागलेली असे. "यात विचार कसला करायचा? अर्धवट पाळलेलं पथ्य हे पथ्यच नव्हे," असं म्हणत तिने चूल पेटवली, नाचणीची पेज शिजवली, मीठ-जिरं घालून निववली आणि वाटी नीरदपुढे ठेवली.

नीरदने वाटी दूर सारली. शिष्येने ती पुन्हा पुढे आणली. "एकच घोट घे, राजा. बघ तर कशी झालीये." आईने चमचा त्याच्या ओठांशी नेला. त्याने तोंड घट्ट मिटून कानांवर हात ठेवले आणि तो जागच्या जागी झुलू लागला.

"भूक लागली की खाईल," शिष्या म्हणाली.

"नाही हो खाणार. मागे तापात दूध बंद केलं, तर पाण्याशिवाय काही घेतलं नाही त्याने. शेवटी सलाईन लावावं लागलं."

"तुम्हीच अशा डळमळलात तर तो कसा ऐकेल?"

"तुमच्या पोटचा असता म्हणजे कळलं असतं."

दुपार कलली. मुलाचे ओठ सुकले. तो भिंतीवर डोकं आपटू लागला, तेव्हा कोपऱ्यात हिरडे निवडत बसलेल्या वैद्यबाई उठल्या. त्यांनी दूधभात कालवून त्याच्यापुढे ठेवला. पेजेची वाटी उचलून न नेता हातभर अंतरावर राहू दिली. मग उरलेली पेज तीन वाट्यांत ओतली आणि मुलाकडे पाठ करून, भिंतीकडे तोंड करून त्या जेवायला बसल्या.

"या, तुम्हीही बसा अशाच. कोणी मागे बघायचं नाही."

"हे काय भलतंच?" शिष्या म्हणाली. "पाहुण्याकडे पाठ करून कोणी जेवतं का?"

"आज आपण जेवू. बस."

तिघी भिंतीशी बसल्या. थोडा वेळ काहीच ऐकू आलं नाही. मग ताटली सरकल्याचा आवाज आला, आणि पाठोपाठ भात खाल्ल्याची हलकी मचमच. आईने डोळ्यांना पदर लावला.

वैद्यबाई हळू आवाजात म्हणाल्या, "तुमचा दोघींचा वाद चालला होता ना, तेव्हा त्याने पेजेत बोट बुडवून हुंगलं होतं. तुमचं लक्ष गेलं, तसं लगेच पुसून टाकलं. पेज त्याला नकोशी नव्हती, आपले डोळे नकोसे झाले होते. आपण कुणाला जेवायला वाढलं की घास घशाखाली उतरेपर्यंत त्याच्या तोंडाकडे बघत बसतो. आपल्या लेखी ती माया. या पोराला ते सोसत नाही. त्यात त्याच्या ओळखीचं एकुलतं एक अन्न तू तोडलंस. सुरुवात काढून घेण्यापासून करू नये, मुली. आधी नवं काही शेजारी ठेवावं आणि धीर धरावा."

"पण तो बोलेल ना, बाई?" आईने विचारलं.

"मला माहीत नाही. पथ्याने नक्की बोलेल असं कोणी सांगितलं, तर त्याच्यावर विश्वास ठेवू नकोस. मुलांच्या डॉक्टरांना विचारल्यावाचून त्याचं दूध तोडू नकोस. तो जेवला पाहिजे, वाढला पाहिजे. आज एवढंच धरून चालू."

शिष्येचा चेहरा लाल झाला. "म्हणजे हे तुम्हाला तेव्हाच दिसलं होतं. मग दुपारभर हिरडे का निवडत बसलात? मला धडा मिळावा म्हणून? पोर उपाशी होतं, बाई."

वैद्यबाईंची वाटी ओठांशी थांबली. ती खाली ठेवून त्या म्हणाल्या, "खरं आहे. तुला शिकवण्याच्या नादात मी त्याला उपाशी ठेवलं. पुन्हा अशी वागले तर तिथल्या तिथे ओरड माझ्यावर."

"ओरडणारच आहे."

"म्हणून तर ठेवून घेतलंय तुला."

इतक्यात मागे अनवाणी पावलं वाजली. आईच्या पाठीवर काहीतरी गार, ओलसर टेकलं आणि खाली ओढत गेलं. नाचणीचा वास आला. पुन्हा एक रेघ, आणखी एक. मधेच बोट थांबलं, आणि ते चाटल्याचा आवाज तिघींनीही ऐकला.

आईने मान वळवली नाही. शिष्येने तिचा हात घट्ट धरला. वळून पाहिलं तिनेही नाही, आणि तिच्यासारखीला ते फार कठीण होतं.